कोळशाच्या बंदरावरून आलेली सीडी

वाचक विचारतात : गाण्याविषयी

प्रश्न : मी मूळची देवगड तालुक्यातली, सध्या पुण्यात नोकरीला. मागच्या अंकात तुम्ही पॅटी लव्हलेस या अमेरिकन गायिकेच्या ‘माउंटन सोल’ या अल्बमचं नाव ओझरतं लिहिलं होतंत. खोलीतल्या मैत्रिणीकडे तो होता, म्हणून लावला. मी हिंदी-मराठी गाण्यांवर वाढलेली. कंट्री, म्हणजे तिकडचं गावाकडचं गाणं, म्हटलं की टोपी आणि घोडा, एवढंच ठाऊक. पण त्यात हार्लन नावाच्या ठिकाणाचं, कोळशाच्या खाणींचं एक गाणं आहे. ते संपेपर्यंत मला खोलीत बसवेना. गॅलरीत जाऊन उभी राहिले. निम्मे शब्द कळलेच नव्हते. माझे आजोबा मुंबईला गिरणीत होते, त्यांची आठवण येत राहिली. बाकीच्या मुली म्हणतात, बाई नाकातून गाते, जुनाट वाटतं. ताई, या गाण्यात असं काय आहे?

उत्तर : तुझं पत्र वाचलं आणि कपाटातून तीच सीडी काढली. डबीची बिजागरी मोडली आहे, आतल्या कागदावर पावसाळ्यातल्या ओलीचे डाग पडलेत, पण वाजते. तू जे ऐकून गॅलरीत गेलीस ते मी वीसहून जास्त वर्षांपूर्वी आमच्या पडवीत ऐकलं होतं. म्हणून आज तुझ्या प्रश्नाला जास्त जागा देते.

माझा धाकटा भाऊ बोटीवर इंजिनीअर होता. 2002 च्या सुरुवातीला त्याचं जहाज अमेरिकेत व्हर्जिनियातल्या नॉरफोक बंदरात कोळसा भरायला लागलं होतं. तिथे लॅम्बर्ट्स पॉइंट म्हणून धक्का आहे. आतल्या डोंगरांतला कोळसा आगगाडीने तिथवर येतो आणि जहाजांत ओतला जातो. सुट्टी मिळाली तेव्हा भाऊ गावात गेला. एका दुकानात हे गाणं लागलं होतं. काय आहे ते त्याने काउंटरवर विचारलं आणि घेऊन आला. ज्या डोंगरांतला कोळसा त्याच्या जहाजात पडत होता त्याच डोंगरांतलं हे गाणं आहे, हे तेव्हा त्यालाही माहीत नव्हतं.

मे महिन्यात तो घरी आला. दिवसभर आंब्याच्या पेट्या भरून सगळ्यांच्या पाठी मोडलेल्या. रात्री जेवणं झाल्यावर त्याने पडवीत सीडी लावली. आई भिंतीला टेकून फणसाच्या आठळ्या सोलत होती. तिला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. हार्लनचं गाणं लागलं आणि तिचा हात थांबला. संपल्यावर म्हणाली, “ही बाय रडना नाय गो. सांगता.”

तुझ्या प्रश्नाचं मला सापडलेलं सगळ्यात खरं उत्तर हेच आहे. पुढे लिहिते तो आईच्या या दोन वाक्यांचा विस्तार समज.

मी चाळीस वर्षं मुलांना पेटी आणि गाणं शिकवते आहे. दुःखाचं गाणं म्हणायला सांगितलं की दहातली नऊ मुलं आवाज कापरा करतात, ओळीच्या शेवटी उसासा टाकतात. सिनेमाच्या गाण्यांनी ती सवय लावली आहे. पॅटी लव्हलेस यांचा आवाज ऐक. लांब सूर लावला की तो सरळ उभा राहतो, हलत नाही. खालच्या सुराचा एक बारीक कण घेऊन त्या मुख्य सुरावर येतात, तिथे थांबतात आणि ओळ संपली की सोडून देतात. दुःख किती आहे हे त्या आवाजात सांगत नाहीत. काय घडलं ते सांगतात, आणि भार आपल्यावर येतो. आई जात्यावर ओव्या म्हणायची तेव्हा असंच व्हायचं. तिच्या माहेरचे कढ त्या ओव्यांत होते, पण आवाज दगडाच्या घरघरीच्या वर सरळ चाललेला असायचा. “रडत दळलंस तर पीठ जाडा येता,” असं ती मला म्हणायची. हात थांबला की दळण बिघडतं, म्हणून जात्यावर रडायची सोयच नव्हती.

तुझ्या मैत्रिणींना जो नाकातला वाटतो तो आवाज उघड्यावरचा आहे. माइक नव्हता तेव्हा डोंगरातल्या लहानशा चर्चमध्ये, घरासमोर, खाणीच्या वस्तीत आवाज लांब जावा लागे. तो पुढे, चेहऱ्याच्या हाडांत घुमवला की जातो. आपल्याकडे डबलबारीतल्या भजनी बुवांचा आवाज ऐक, खाडीच्या पलीकडच्या होडीला हाक मारणाऱ्या बाईचा ऐक. घडण तीच. मखमली आवाजाची सवय झालेल्या कानाला तो पहिल्यांदा टोचतो. मलाही टोचला होता.

आता गाणं काय म्हणतं ते सांगते. भावाने शब्द ऐकून ऐकून मला वहीत उतरवून दिले होते. ते डॅरेल स्कॉट यांनी लिहिलं आहे, गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात. अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या पूर्व भागातल्या एका घराण्याची ती हकिगत आहे. डोंगरात कोळसा आहे हे कुणाला माहीत नसतं. मग बाहेरून एक माणूस येतो, हातात नोटा नाचवत, आणि तुमच्या जमिनीखालचं मला विका म्हणतो. आजी स्वस्तात विकते. कुटुंब दुसरीकडे शेती करायला जातं. सुटलो म्हणून नाचतात, हसतात. मग दिवस वाईट येतात, तंबाखू विकला जात नाही. आजोबा परत हार्लनला खाणीत उतरतात आणि आजीला घरी पैसे पाठवत राहतात. ते जिवंत परत येत नाहीत.

घरी पैसे पाठवत राहतात. पोरी, तू कळलेल्या निम्म्या शब्दांतच हे ऐकलं असणार. देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत किती घरांनी पोस्टमनची वाट पाहिली आहे! आमच्याकडे मनीऑर्डर यायची तिच्या कुपनावर वडिलांचं पेन्सिलीने लिहिलेलं दीड वाक्य असायचं. आई ती कुपनं तांदळाच्या डब्यात ठेवायची. आणि नोटा नाचवत जमीन मागणारा माणूस कोकणात कुणी पाहिला नाही?

त्या गाण्यात आणखी एक गोष्ट आहे. दरी इतकी खोल की सूर्य उशिरा उगवतो आणि लवकर मावळतो. माझं आजोळ माणगाव खोऱ्यातलं, अगदी सह्याद्रीच्या पायथ्याचं. तिथे सकाळी घाटाच्या मागून ऊन खाली यायला असाच वेळ लागतो, अंगणातलं दव कितीतरी वेळ तसंच असतं. फरक एवढाच की पश्चिमेला आपल्याला समुद्र मोकळा आहे, संध्याकाळ कुणी कापून घेत नाही. हार्लनच्या माणसाची सकाळही डोंगराने घेतली, संध्याकाळही. मग उरलेल्या उजेडात तो खाणीत होता.

पॅटी लव्हलेस या त्याच भागातल्या. जन्म 1957, केंटकीतलं पाईकव्हिल. माहेरचं आडनाव रेमी. वडील कोळसा खाणीत कामगार. कोळशाच्या धुळीने फुप्फुसं काळी पडतात, तो आजार त्यांना झाला. त्यांच्या उपचारांसाठी घर डोंगरातून उचलून लुईव्हिल शहरात न्यावं लागलं, तेव्हा त्या लहान होत्या. वडील 1979 मध्ये गेले. हे मला सीडी ऐकल्यावर पुष्कळ वर्षांनी वाचायला मिळालं, आणि त्या दिवशी मी पुन्हा ते गाणं लावलं नाही.

कारण माझे वडील लालबागला एका गिरणीत कार्डिंग खात्यात होते. त्या खात्यात कापूस पिंजला जातो, हवेत तूस भरलेलं असतं. रविवारची सुट्टी झाली की सोमवारी त्यांची छाती आवळून यायची. मंगळवारी, बुधवारी जरा बरं वाटायचं, म्हणून ते म्हणायचे, कामाने बरं वाटतं. कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराची ही ओळखीची खूण आहे, सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती जड होणं. त्याला बिसिनोसिस म्हणतात. हा शब्द ते गेल्यावर माझ्या कानावर पडला. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. वडील ट्रंक घेऊन गावी आले आणि त्यांना परत बोलावणं आलं नाही. रात्री ओटीवरून त्यांचा खोकला ऐकू यायचा. तुझे आजोबाही खोकायचे का, ते तू लिहिलं नाहीस. मी तुला विचारते आहे.

केंटकीच्या डोंगरातली माणसंही नुसती खाणीतच गेली नाहीत. उत्तरेला ओहायोच्या कारखान्यांत, डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यांत गेली. तेवीस नंबरचा हमरस्ता त्यांचा. सुट्टीला गाड्या भरभरून गावी यायची. आपल्याकडे चतुर्थीला चाकरमानी येतात तशीच. आणि त्या रस्त्यालाच आता ‘कंट्री म्युझिक हायवे’ म्हणतात, कारण त्याच्या कडेच्या गावांतून एकामागून एक गाणारी माणसं निघाली. लोरेटा लिन याही तिथल्याच, त्याही खाण कामगाराची मुलगी.

तेव्हा, तुला खोलीत बसवेना यात वेडेपणा काही नाही. कुणाच्या तरी घरातलं ते दुःख तुझ्या घरात आधीपासून होतं. आपल्या गिरणीवाल्यांचं असं सरळ आवाजात सांगितलेलं गाणं तुझ्यापर्यंत आलं नाही, केंटकीचं आलं. एक काम कर. आजी असेल तर हे गाणं तिला ऐकव, शब्द न सांगता. ती काय म्हणते ते मला कळव.

प्रश्न : मी दहावीत आहे, कणकवलीजवळ राहतो. आमच्या वाडीतल्या बेंजो पार्टीत मी बेंजो वाजवतो. तुम्ही लिहिलेल्या अल्बममध्ये बॅन्जो आहे असं वाचलं. पण मी ऐकलं तर आवाज वेगळाच. तो आमचाच बेंजो का?

उत्तर : नाही रे बाळा, आणि तुला आवाजावरून शंका आली याचा मला फार आनंद झाला. नाव एक, वाद्यं दोन.

तू वाजवतोस ते खरं म्हणजे बुलबुलतरंग. डाव्या हाताने टाइपरायटरसारख्या कळा दाबायच्या, उजव्या हाताने तारा छेडायच्या. त्याचं मूळ जपानी आहे. 1912 मध्ये नागोया शहरात गोरो मोरिता यांनी ‘ताइशोगोतो’ नावाचं वाद्य केलं, ते आपल्याकडे आलं आणि इथलं झालं. पुढे त्याला पिकअप बसला, अँप्लिफायर जोडला, आणि आता गणपतीच्या मिरवणुकीत ढोल-ताशांच्या वर तेच ऐकू येतं. त्याला बेंजो हे नाव मात्र दुसऱ्या वाद्याचं मिळालं.

अल्बममधला बॅन्जो म्हणजे चामडं ताणलेलं गोल भांडं आणि त्याला लांब मान. डफाला दांडा लावून तारा चढवल्या असं डोळ्यांसमोर आण. त्याचे पूर्वज आफ्रिकेतले, भोपळ्याचे. गुलाम करून नेलेल्या माणसांबरोबर ते वाद्य अमेरिकेत गेलं. डोंगरातल्या गोऱ्यांनी ते त्यांच्याकडून उचललं, ही गोष्ट विसरून चालणार नाही. ब्लूग्रास या डोंगरी बाजाच्या, बिनविजेच्या तारवाद्यांच्या प्रकारात वाजतो तो पाच तारांचा. त्यातली पाचवी तार आखूड असते, मानेच्या मधूनच निघते, आणि तिचा उंच सूर धूनभर मध्ये मध्ये टिपला जातो. सतारीची चिकारी, म्हणजे कडेची उंच सुराची तार, ऐकली आहेस? तेच काम. ती तार ऐकायला शिकलास की एरवी नुसता खणखणाट वाटणारं वादन एकदम उलगडतं.

अजून एक वाद्य याच अल्बममध्ये तुझ्या ओळखीचं वाटेल. सुरावरून सुरावर घसरत जाणारी गिटार. तिला डोब्रो म्हणतात. डोपयेरा बंधूंनी 1928 मध्ये केली, म्हणून ते नाव. पोटात धातूची ताटली असते. गिटार आडवी धरून तारांवर धातूची कांडी सरकवायची, ही रीत हवाई बेटांवरची. तीच रीत आपल्याकडे आली आणि हिंदी गाण्यांच्या धुना हवायन गिटारवर घरोघर वाजल्या. ब्रिजभूषण काब्रांनी तिच्यावर राग वाजवले. विश्वमोहन भट्टांनी पुढे मोहनवीणा केली आणि डोब्रोवाले जेरी डग्लस यांच्यासोबत रेकॉर्डही केलं. म्हणजे हार्लनच्या डोंगरातली घसरणारी गिटार आणि आपली हवायन गिटार वेगवेगळ्या वाटांनी त्याच बेटांवरून आलेल्या आहेत. तुझ्या बेंजोवर अशी घसर, म्हणजे मींड, निघत नाही, कळ अडवते. पण कळ दाबून ठेवून छेडल्यानंतर तार पट्टीच्या बाहेर किंचित दाबून बघ. थोडीशी हलते. तेवढ्यावर सराव कर.

प्रश्न : मी चिपळूणचा, बँकेतून निवृत्त, पन्नास वर्षं शास्त्रीय संगीत ऐकतो. ‘पारंपरिक बाजाचा’ म्हणून आपण या अल्बमची शिफारस केलीत. पण याच बाई नव्वदच्या दशकात ड्रम आणि इलेक्ट्रिक गिटार घेऊन लोकप्रिय गाणी गात होत्या. मग 2001 मध्ये एकदम डोंगरातली साधी गायिका होणं हा वेष नव्हे का? त्या सुमारास एका सिनेमामुळे अशी गाणी खपत होती, असंही वाचलं. शहरातल्या मुली गुढीपाडव्याला एका दिवसापुरती नऊवारी नेसतात, तसं हे वाटतं.

उत्तर : काका, आपला प्रश्न मला आवडला, कारण मीही तो स्वतःला विचारला आहे. आपली माहिती बरोबर आहे. कंट्री गाण्याचं मुख्य शहर म्हणजे नॅशव्हिल, पॅटी लव्हलेस तिथल्या पहिल्या रांगेतल्या गायिका होत्या. 1995 मध्ये त्यांच्या अल्बमला कंट्री म्युझिक असोसिएशनचा वर्षातला सर्वोत्तम अल्बम म्हणून पुरस्कार मिळाला, 1996 मध्ये सर्वोत्तम गायिकेचा. ‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?’ या सिनेमाची गाणी 2000 च्या डिसेंबरमध्ये आली आणि तुफान चालली, हेही खरं. ‘माउंटन सोल’ त्यानंतर काही महिन्यांनी आला.

तरी वेष म्हणायला माझं मन धजत नाही. त्यातलं शेवटचं एकाकीपणाचं गाणं त्यांनी स्वतः शाळकरी वयात लिहिलेलं आहे. 1986 च्या पहिल्या अल्बममध्ये त्यांनी ते एकदा गायलं होतं. पंधरा वर्षांनी तेच गाणं त्या जन्मगावच्या बाजात पुन्हा गायल्या. सिनेमाच्या आधी, 1998 मध्ये, डोंगरी गायकीतले बुजुर्ग राल्फ स्टॅनली यांच्या संग्रहात त्यांनी एक जुनं गाणं गायलं होतं. आणि मधल्या काळात, 1992 मध्ये, त्यांच्या स्वरतंतूंवर शस्त्रक्रिया झाली होती. आवाज जाईल की राहील अशी ती वेळ. पुढच्या वर्षी त्या परत गायला लागल्या. मी गाणं शिकवते म्हणून सांगते, आवाज एकदा हातातून जाऊन परत मिळालेला माणूस तो उधळत नाही. 2001 मध्ये त्यांनी विजेची वाद्यं बाजूला ठेवली, नवरा एमरी गॉर्डी हेच निर्माते होते, आणि आवाजाला लपायला जागा उरली नाही. सगळा अल्बम मला सारखा आवडतो असंही नाही. ट्रॅव्हिस ट्रिट यांच्याबरोबरची युगुलगीतं मला भिडत नाहीत, तिथे दोघांचा जोर दिसतो, गोष्ट दिसत नाही.

पण आपल्या प्रश्नातल्या ‘पारंपरिक’ या शब्दाशी मला थोडं भांडायचं आहे. हार्लनचं गाणं ऐकणाऱ्याला शंभर वर्षांपूर्वीचं वाटतं. अल्बम निघाला तेव्हा ते दहा वर्षांचंही नव्हतं. ज्याला आपण जुनंपुराणं समजतो ते ब्लूग्रास रेडिओच्या काळातलं आहे. बिल मन्रो यांच्या वाद्यवृंदात 1945 च्या अखेरीस अर्ल स्क्रग्ज बॅन्जो घेऊन आले आणि तो बाज ठरला. आता आपल्या पेटीकडे बघा. फ्रान्समध्ये 1842 च्या सुमारास पेटंट घेतलेलं वाद्य. ते परकं, त्यावर मींड नाही, श्रुती नाहीत, म्हणून 1940 पासून आकाशवाणीने तीस वर्षं त्याला दार बंद ठेवलं. आणि आज पेटीशिवाय आपल्या भजनाची कल्पना करून दाखवा!

आपण दशावतार पाहिला असेलच. पायपेटी, मृदंग, झांज ठरलेली. पूर्वरंग ठरलेला, गणपती येणार, संकासुर येणार. पण आख्यानातले संवाद लिहिलेले नसतात, नट त्या रात्री उभ्या उभ्या बोलतो. पहाटे राजा राणीला जे बोलतो ते त्या पहाटेचं असतं. मी त्याला परंपरा म्हणते. पॅटी लव्हलेस यांनी 2001 मध्ये केलं ते याच जातीचं. चौकट घरची, बोलणं त्या दिवसाचं. नऊवारीचं म्हणाल, तर आमच्या आईला लुगड्याशिवाय दुसरं काही नेसता येत नव्हतं, आणि मला आता ते नीट नेसता येत नाही. मी कधी नेसलेच, तर तो वेष होईल की आठवण, हे बाहेरून बघणाऱ्याला ठरवता येईल असं मला वाटत नाही. गाण्यात मात्र ते ऐकू येतं. एकदा डोळे मिटून शेवटचं गाणं ऐका आणि मग मला परत रागावून लिहा.

प्रश्न : पॅटी लव्हलेसनंतर काय ऐकू? (गुहागर)

उत्तर : एमिलू हॅरिस यांचा 1980 चा ‘रोझेस इन द स्नो’ आधी. त्या डोंगरातल्या नव्हेत, तरी तो बाज किती जपून हाताळतात ते बघा. मग डॉली पार्टन यांचा 1999 चा ‘द ग्रास इज ब्लू’. पेडल स्टील, म्हणजे पायपट्ट्यांनी सूर बदलणाऱ्या आडव्या गिटारचं रडवणारं काम हवं असेल तर ली अॅन वोमॅक यांचा 2005 चा अल्बम, ‘देअर्स मोअर व्हेअर दॅट केम फ्रॉम’. आणि 2016 चा मार्गो प्राइस यांचा ‘मिडवेस्ट फार्मर्स डॉटर’ सोडू नका. वडिलांची शेती गेलेली, ध्वनिमुद्रणाच्या पैशासाठी स्वतःची लग्नाची अंगठी गहाण टाकलेली, आणि पहिल्याच गाण्यात त्या शेतीची कथा. चारही एका दिवशी ऐकू नका, एक आठवडा एकच लावा.

प्रश्न : आमचं परुळ्याकडचं महिला भजन मंडळ आहे. तुम्ही लिहिलेली गाणी मुलीने मोबाइलवर ऐकवली. त्यात दोन माणसं एकच ओळ वेगवेगळ्या सुरांत एकदम म्हणतात आणि कानाला फार गोड लागतं. आमच्या गजरात असं करता येईल का? आमच्यात दोघींचे आवाज जाड आहेत, त्या मागे बसतात.

उत्तर : येईल. आणि जाड आवाजाच्या दोघींना पुढे बोलवा, त्यांच्याशिवाय हे होणार नाही.

तिकडे मूळ चाल म्हणणारा आवाज मधला असतो. एक जण त्याच्या वरून जातो, एक जण खालून. आपल्या गायकीत सगळ्या एका सुरात मिळतो, त्यामुळे पहिल्या दिवशी कान घाबरतो. पण हे फार लांबचं नाही. शेजारी गोव्यात मांडो नावाचं गाणं म्हणतात ते दोन आवाजांतच म्हणतात. चतुर्थीनंतर पणजीकडे जाणं झालं तर कुणाच्या घरी ऐका.

सुरुवात अशी करा. पेटीवर सा धरा. निम्म्या जणींनी सा लावायचा, निम्म्यांनी ग. आवाज कापू द्यायचा नाही, सरळ ठेवायचा. दोन्ही सूर मिळाले की मध्ये एक घुमारा तयार होतो, तो सगळ्यांना ऐकू येईपर्यंत पुढे जाऊ नका. एक आठवडा लागला तरी चालेल. मग एक बाजू सा रे ग रे सा म्हणेल तेव्हा दुसरी ग म प म ग. शब्द नकोत. ते जमलं की रोजच्या गजरातली एक सोपी ओळ घ्या, सगळे सूर शुद्ध असलेली. मूळ चाल जाड आवाजाच्या दोघी म्हणतील, बारीक आवाजाच्या वरून जातील. आज त्या मागे बसतात, कारण तुम्ही सगळ्या त्यांच्या पट्टीच्या वर गाता. पट्टी खाली आणा, काळी दोनवरून सफेद एकवर. मृदंगवाल्याला आधी सांगून ठेवा, नाहीतर मृदंग त्या सुरात लावायला ऐन वेळी त्याची धांदल होईल.

वरच्या सुराने मोठ्याने म्हणायचा मोह होतो. तो आवरा. वरचा आवाज नेहमी खालच्यापेक्षा हळू.

तुमच्या गावाहून माझ्याकडे यायला एसटीने फार वेळ लागत नाही. मासिकाच्या पत्त्यावर निरोप द्या. गुरुवारी दुपारी माझी शिकवणी नसते. आठ-दहा जणी आलात तरी ओटीवर जागा होईल, पेटी आहे, फक्त झांजा तुमच्या आणा.